तेजाब टाकून खारं केलेलं पाणी

पाण्यात तेजाब टाकून ते खारं करून दाखवणारा माणूस हिंगोलीत आजवर एकच गाजला, आणि तो मी. ही करामत मी कागदावर केली, वर स्वतःचं नाव लिहून केली, आणि तिच्यापायी माझी लग्नाची बायको हातची जायची वेळ आली. त्यामुळे रसायनशास्त्राबद्दल माझ्या मनात आदर वगैरे काही नाही. बांधावरून भांडण झालेल्या शेजाऱ्याशी बोलावं तेवढंच मी त्याच्याशी बोलतो.

काळ निजामाचा. मी वीस वर्षांचा, चांगल्या मिशा फुटलेला, आणि हिंगोलीच्या शाळेत शेवटच्या जमातीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, बसलेला. त्या जमातीत माझं ते तिसरं वर्ष. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमच्याच बाकावर बसणाऱ्या एकाला दोन लेकरं होती आणि तो दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना रागावून परत यायचा. आमच्या घरी मेंढरं होती. कयाधूच्या काठानं ती चारायची, लोकर कातरायची, एवढंच आमच्या सात पिढ्यांनी केलेलं. घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, त्यामुळे पोरगं नापास झालं म्हणजे नेमकं काय झालं हे कुणाला समजत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "आमचं पोरगं अजून शिकूनच राहिलं." तिला ते कौतुकाचंच वाटायचं.

समजत होतं ते फक्त सासऱ्याला. सासरा हट्ट्याचा, हळद पिकवणारा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हळकुंड मोडून कानाशी धरायचा आणि ते नीट वाळलं की नाही ते आवाजावरून सांगायचा. माणसंही तो तशीच मोडून पाहायचा. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी अजून त्याच्याच घरी होती. मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा तो आमच्या अंगणात येऊन, चार माणसांदेखत, माझ्या बापाला म्हणाला, "पास झाल्याबिगर पोरगी धाडत न्हाई." सगळ्यांना वाटलं, रागात बोलला, दिवाळीपर्यंत विसरेल. तो विसरला नाही. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा नापास झालो, तेव्हा त्यानं तेवढंच वाक्य निरोप्याबरोबर पाठवलं.

आता मुलगी अठराची झाली होती. हट्ट्याच्या बायका विहिरीवर तिच्याविषयी कुजबुजत होत्या, आणि इकडे आमच्या घरात आईचा भाऊ येऊन बसला होता. त्याला शिरड शहापूरला एक स्थळ दिसलं होतं. "औंदा आली तर आली," तो म्हणाला, "न्हाईतर दुसरी करून टाकू. पोराचं वय निघून चाललं." आईनं मान डोलावली. बाप मेंढराच्या खुरातला काटा काढत होता, त्यानं वर पाहिलं नाही.

मी माझ्या बायकोला तोवर मोजून चार वेळा पाहिलं होतं, त्यातही दोनदा अर्धवट. पण एका दिवाळसणाला पाटावरून उठताना माझं धोतर पाटाच्या खिळ्यात अडकलं आणि मी सासऱ्याच्या पुढ्यात गुडघ्यावर पडलो. तेव्हा दाराआडून ती हसली होती. लाजरं हसू नव्हे, चांगलं पोट धरून. ते हसू माझ्या डोक्यातून गेलंच नाही. मला शिरड शहापूरची नको होती, कुठलीच नको होती, मला तीच पाहिजे होती. आणि ती येणार की नाही हे आता विज्ञानाच्या पेपरावर ठरणार होतं, कारण बाकी सगळ्या विषयांत मी दोन्ही वर्षं बराबर पास झालेलो होतो.

अशा वेळी आमच्या शाळेला नवे मास्तर आले. ते परके नव्हते. हिंगोलीतल्याच रंगरेजांच्या घरातले, मुसलमान, घरी पिढ्यान् पिढ्या कापड रंगवायचा धंदा. हैदराबादला जाऊन शिकून आले होते आणि येताना तिथून पीएच नावाचं एक खूळ घेऊन आले होते. पीएच म्हणजे पाणी किती आंबट आणि किती खारं ते सांगणारा आकडा. सात म्हणजे ना आंबट ना खारं. सातच्या खाली आंबट, सातच्या वर खारं. एवढं आता शाळकरी पोरही सांगतं, पण त्या काळी आमच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा नव्हतं. आम्ही त्यांना तसं सांगितलं. मास्तर म्हणाले, "किताब पुरानी हो गई मियाँ, पानी नहीं."

आमचं सगळं शिक्षण उर्दूतून. तेजाबाला पुस्तकात तुर्शा म्हणायचे. पुढं राज्य बदललं, माझी पोरं शाळेत गेली आणि आम्ल म्हणू लागली. मी आयुष्यभर ही एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी शिकलो आणि एकाही नावानं ती मला धड कळली नाही. वहीत मजकूर उजवीकडून डावीकडे चालायचा आणि आकडे डावीकडून उजवीकडे, मध्ये कुठंतरी दोघांची टक्कर व्हायची. मास्तर ती टक्कर झालेली जागा लाल पेन्सिलीनं गोल करून द्यायचे.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात नमकाच्या तेजाबाची, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडची, एक बाटली, तोटी गळणारी एक काचेची नळी आणि रंग बदलणारे कागद ठेवायची एक रिकामी डबी. कागद कधीच संपले होते. मास्तरांनी त्यावर तोड काढली. प्रत्येकानं घरून हळद आणायची, कालवायची, टिपकागद तिच्यात बुडवून वाळवायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. हळदीला खारं लागलं की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. आमच्या घराघरांतल्या बायकांना हे ठाऊक होतं, पण त्याला विज्ञान म्हणतात हे आम्हाला मास्तरांनी सांगितलं.

पहिल्याच दिवशी मला त्यांनी लिंबाचा रस तपासायला दिला. मी पट्टी उचलली, रसात बुडवली आणि सांगितलं, "लाल झाली साब. लिंबू खारं हाय." मास्तर चालत आले. त्यांनी पट्टी पाहिली. रसात बुडवलेलं टोक पिवळंधमक होतं आणि वरचं, माझ्या चिमटीतलं टोक कुंकवासारखं लाल. त्यांनी माझा हात धरला, अंगठा नाकाशी नेला आणि विचारलं, "तंबाखू खाते?" तळहातावर तंबाखूला चुना लावून मळायची सवय आमच्यातल्या निम्म्या जणांना होती. चुना बोटात मुरलेला. मास्तरांनी साऱ्या जमातीला कोऱ्या पट्ट्या नुसत्या चिमटीत धरायला लावल्या. बावीसपैकी तेरा पट्ट्या लाल झाल्या. एक पट्टी त्यांच्या स्वतःच्या हातातली होती, कारण ते पान खायचे. त्या दिवसापासून प्रयोगाआधी राखेनं हात घासायचा हुकूम सुटला, आणि राखही खारीच असते हे कळल्यावर तो मागं घेण्यात आला.

हा झाला प्रयोग. खरी तकलीफ गणितांची होती. मास्तर रोज शेवटच्या तासाला फळ्यावर पीएचची गणितं घालायचे. तेजाबात हायड्रोजन किती ते दहाच्या घातात दिलेलं असायचं. दहाचा उणे तीनवा घात, तर पीएच तीन. दहाचा उणे पाचवा, तर पाच. आम्ही लगेच हुशार झालो. घाताला लागलेली उण्याची आडवी रेघ पुसली की उत्तर तयार. याहून सोपं गणित आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. मग एके दिवशी त्यांनी दोन गुणिले दहाचा उणे तीनवा घात असं लिहिलं आणि नुसती रेघ पुसून भागेना. तिथून लॉगची कोष्टकं सुरू झाली.

कोष्टकांचं पुस्तक साऱ्या जमातीत एकच, मास्तरांचं स्वतःचं. ते पाळीपाळीनं घरी न्यायला मिळायचं. माझी पाळी आली तेव्हा मी ते ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात आमच्या शेळीनं खालचा कोपरा खाल्ला. पंचेचाळीसपासून चोपन्नपर्यंतचे लॉग गेले आणि पानाच्या पाठीमागचे नव्वदच्या पुढचे सगळे गेले. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मास्तरांच्या पुढ्यात ठेवून खाली मान घालून उभा राहिलो. ते बराच वेळ त्या दातांच्या खुणा पाहत होते. "बकरी कैसी है?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बरी हाय. त्यानंतर वर्षभर आमच्या जमातीत ते आकडे कुठल्याच गणितात आले नाहीत. मास्तर शेळीनं सोडलेल्या आकड्यांतूनच गणितं रचायचे.

दिवाळी आली आणि मला हट्ट्याहून बोलावणं आलं. मुलगी धाडत नसले तरी जावयाला सणाला बोलावणं सासऱ्यानं सोडलं नव्हतं. सण अटीत येत नाही असं त्याचं म्हणणं. मी आगगाडीनं वसमतला उतरलो, पुढं बैलगाडीनं हट्टा गाठलं. बगलेत गणिताची वही होती. मी मनाशी ठरवलं होतं की तीन दिवस ओसरीवर बसून मोठ्यानं गणितं करायची. आत तिला ऐकू जाईल, आणि आपला नवरा काय चीज आहे ते कळेल.

मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. बोलायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागायचं. आमच्या मध्ये सासू होती. ती उंबऱ्यावर बसून वाती वळायची, मुलगी आत दाराआड, आणि मी बाहेर ओसरीवर. मी सुरू केलं. "दोनचा लॉग पॉइंट तीन शून्य एक शून्य. तीनमधून वजा. दोन पॉइंट सहा नऊ नऊ शून्य." आत भांडी घासायचा आवाज चालूच राहिला. मी आवाज चढवला. सासरा गोठ्यातून डोकावून गेला आणि त्याला बहुतेक मी मंत्र म्हणतोय असं वाटलं, कारण त्यानं चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या धोतरावर कालवणातल्या हळदीचा डाग पडला. सासूनं तो साबणानं चोळला आणि डाग लालभडक झाला. मी संधी साधली. "मामी, साबण खारा असतो. हळदीला खारं लागलं की ती लाल होती. ह्याला शास्त्र म्हणतात." सासू आत कान देऊन मग म्हणाली, "जावईबापू, ती म्हणून राहिली, लिंबू पिळा म्हणावं. जाईल."

लिंबू पिळलं. लाल गेलं, साधा पिवळा डाग राहिला. मला थोडा राग आला. हे मला तेरा पट्ट्या आणि एक मास्तर खर्ची घालून कळलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं काढलं. मास्तरांनी सुट्टीसाठी घातलेलं एक अवघड गणित होतं, ते मी तिला समजेल असं करून, सासूच्या तोंडाकडे पाहत, आतल्या अंधाराला सांगितलं. "समजा मामी, मोठा हौद हाय. पाण्यानं भरलेला. त्यात तेजाबाचा लहानसा थेंब टाकला. थेंब इतका लहान, का असून नसल्यासारखा. तर ते पाणी कितपत आंबट होईल, त्याचा आकडा काढायचा. तो आम्ही काढतो."

आत बांगड्या वाजल्या. मग कुजबुज झाली. सासू म्हणाली, "ती इचारून राहिली, पाणी कोणत्या हिरीचं?"

मी हसलो. "कोणत्या हिरीचं असंना. पाणी ते पाणी. गणितात पाण्याला कुठं धरतात?"

पुन्हा कुजबुज. "ती म्हणती, आमच्या वरल्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजती, खालच्या हिरीच्या पाण्यात न्हाई. मंग पाणी धरायचं न्हाई असं कसं?"

मी सासूला सांगितलं की बाईमाणसाला हे समजायचं नाही. सासूनं तो निरोप आत पोचवला नाही. पोचवायची गरजही नव्हती, आत सगळं ऐकू जात होतं. संध्याकाळी निघताना दाराआडून हसू आलं नाही, आणि वसमतपर्यंत मला ते राहून राहून आठवत होतं.

थंडी सरता सरता शाळेची चाचणी झाली. या चाचणीत जे पास होतील त्यांचेच फॉर्म मॅट्रिकला पाठवायचे असा नियम. म्हणजे इथं घसरलो की पुढचं सगळंच बंद. विज्ञानाचा पेपर मास्तरांनी काढलेला. मी सगळं बऱ्यापैकी लिहिलं. शेवटचा प्रश्न पीएचचा होता आणि तो पाहून मला मनातून गुदगुल्या झाल्या. नमकाच्या तेजाबाचं फार फार पातळ द्रावण, हायड्रोजन दहाचा उणे आठवा घात. पीएच काढा. मी आडवी रेघ पुसली आणि लिहिलं, आठ. खाली दुहेरी रेघ मारली. सगळ्यांआधी उठलो आणि बाहेर जाऊन चुना मळला.

चार दिवसांनी मास्तरांनी पेपर वाटले. माझ्या पेपरावर पासाला दोन गुण कमी होते आणि शेवटच्या प्रश्नाला भोपळा होता. तो प्रश्न चार गुणांचा. मास्तरांनी मला फळ्यापाशी उभं केलं. "मियाँ, सातच्या वर म्हणजे काय?"

"खारं, साब."

"और आपने पाण्यात टाकलं काय?"

"तुर्शा."

"तुर्शा डाले और पानी खारा हो गया," मास्तर साऱ्या जमातीकडं वळून म्हणाले. "हिंगोलीच्या साऱ्या विहिरी खाऱ्या काहून हायेत ते आज कळलं. कुणीतरी रात्रंदिवस तेजाब ओतून राहिलं." जमात हसली. माझ्यासारखंच आठ लिहिलेली सोळा पोरं सगळ्यांत जोरात हसली, कारण ती बाकी पेपरावर निभावली होती.

मग त्यांनी गणित सोडवून दाखवलं. पाणी म्हणजे रिकामं भांडं नव्हे. पाण्यात स्वतःचा हायड्रोजन असतो, दहाचा उणे सातवा घात. थेंबाबरोबर आला त्याच्या दहापट तो आधीच तिथं होता. तेजाब भरपूर असलं की पाण्याचं विसरलं तरी चालतं. तेजाब एवढंसं असलं की पाण्याला धरावंच लागतं. दोन्ही धरून, समीकरण मांडून, एक पॉइंट शून्य पाचचा लॉग काढून उत्तर आलं सहा पॉइंट अठ्ठ्याण्णव. सातच्या जरासं खाली. म्हणजे किंचित, नाव घेण्यापुरतं आंबट. तो लॉग शेळीनं सोडलेल्या भागात होता, म्हणून मला सबबही उरली नाही.

शाळा सुटल्यावर मी मास्तरांच्या घरी गेलो. अंगणात त्यांचे वडील रंगाच्या हंड्यापाशी बसले होते. बोट बुडवून जिभेला लावत होते आणि थुंकून सुनेला सांगत होते की अजून खार कमी आहे. मास्तर म्हणाले, "ये देखो, अब्बांचा पीएच तोंडातच असतो. लॉग लागत न्हाई." मला हसू आलं नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सासऱ्याची अट, शिरड शहापूरचं स्थळ, आणि फॉर्म गेला नाही तर काय होणार ते. वीस वर्षांचा मिशीवाला बाप्या रंगरेजाच्या अंगणात रडला, हे मी लपवत नाही.

मास्तरांनी ऐकून घेतलं. "दोन गुण देता येतात," ते म्हणाले. "पण मग पाण्यात तेजाब टाकलं की ते खारं होतं असं मला मान्य करावं लागंल. ते माझ्यानं व्हायचं न्हाई." मला त्यांचा भयंकर राग आला. मी चिडून म्हणालो की हे गणितच नासकं आहे, दिवाळीत याच गणितापायी बायकोपुढंही माझी शोभा झाली. त्यांनी विचारलं, कशी. मी तेही सांगितलं. हौद, थेंब, आणि सासूच्या तोंडून आलेला तिचा सवाल, की पाणी कोणत्या विहिरीचं.

मास्तर उठून उभे राहिले. "काय म्हणाली? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, वरच्या विहिरीची डाळही सांगितली. त्यांनी ते आपल्या वडिलांना उर्दूत सांगितलं. म्हातारा हंड्यातून बोट काढून माझ्याकडं पाहू लागला आणि म्हणाला, "लडकी समझदार है. दामाद कैसा मिला?" मास्तर कागद-पेन्सिल घेऊन आले. त्यांनी माझ्या सासऱ्याचं नाव-गाव विचारून घेतलं आणि मला घरी जायला सांगितलं.

फॉर्म गेला नाही. पुढल्या वर्षी गेला आणि मी पासही झालो. मॅट्रिकच्या त्या पेपरात पीएचचं अक्षरही नव्हतं, हे जाता जाता सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते समजेल. पण आधीच्या त्या वर्षी, चाचणीनंतर, मी घरी येऊन नापास झालो असं सांगितलं, आणि आईच्या भावानं दुसऱ्याच दिवशी शिरड शहापूरला निरोप धाडला. मी नको म्हणालो. माझं कुणी ऐकलं नाही. मेंढरांमागं जाऊन कयाधूच्या वाळूत बसून राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं. माझ्यामुळं तिकडं एका मुलीचं आयुष्य मोडणार होतं आणि मी ते आडवी रेघ पुसून मोडलं होतं.

मास्तरांनी सासऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. पुढं काय झालं ते बायकोनं मला नंतर सांगितलं. हट्ट्यात हळद शिजवायचे दिवस होते. शेतात चुलाणावर काहील, म्हणजे हळदीची मोठी कढई, चढलेली, सगळं घर तिच्याभोवती. डाकवाला तिथंच आला आणि सासऱ्याला वाचता येत नाही म्हणून त्यानंच पत्र फोडून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचलं. पत्र मराठीत होतं आणि तीनच ओळींचं होतं. जावयाला जो सवाल सुटला नाही त्यातली खरी गोष्ट तुमच्या मुलीनं ओळखली. जावई नापास. मुलगी पास. खाली शाळेचा गोल शिक्का मारलेला. तो शिक्का मास्तरांनी कुणाला विचारून मारला हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. सासऱ्याचा माणसांपेक्षा शिक्क्यावर जास्त भरवसा. त्यानं पत्र हातात घेतलं, हळदीच्या बोटांनी शिक्का चाचपून पाहिला आणि ते पागोट्यात खोचलं.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात बैलगाडी येऊन थांबली. आईचा भाऊ शिरड शहापूरच्या पाहुण्यांना कधी बोलवायचं ते आईशी ठरवत होता. गाडी सासरा हाकत होता. मागं हळदीचं एक पोतं, एक पत्र्याची पेटी आणि पेटीवर ती बसलेली. सासरा उतरला, त्यानं बैल सोडले, आणि कुणी काही विचारायच्या आत आईला म्हणाला, "मी धाडली न्हाई. मी अट मोडत न्हाई. ही पेटी भरून गाडीत येऊन बसली. म्हणती, दोघांतलं एक पास झालं, संसाराला तेवढं बास हाय." एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. आईचा भाऊ थोडा वेळ बसला आणि मग त्याला कुठंतरी जायचं असल्याचं आठवलं.

चार वर्षं आम्ही सगळे हिशेब मांडत होतो. सासरा, आई, आईचा भाऊ आणि मी. ती कधी यायची, कशावर यायची, नाही आली तर दुसरी कोण. त्यात कुणी तिला धरलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी गाडीपाशी जायचंही विसरलो.

ती स्वतःच उतरली. पेटी स्वतःच उचलून ओट्यावर ठेवली, आईच्या पाया पडली. मग रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "ह्या पाण्यात डाळ शिजत नसंल," ती म्हणाली. "न्हाई शिजत," आई म्हणाली. चार वर्षांत ती सुनेशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच. मग बायको तांब्या घेऊन माझ्यासमोर आली. आई आत गेली होती, सासरा बैलांपाशी होता, आमच्या मध्ये कुणीच नव्हतं. तिनं सरळ माझ्याकडं पाहून विचारलं, "कोणत्या हिरीचं हाय?"

मी सांगितलं.